पहिल्या नावाचा नंबर

४ जुलै

प्रिय गाळणी,

मेलला उत्तर येत नाही, म्हणून कागदावर लिहितेय. पत्ता लंबूने दिला. देताना म्हणाला, "ताई, जुनं उकरून काढणार असशील तर लिहू नकोस." सख्खा भाऊ माझा, पण वकिली तुझी करतो. लग्नाला सहा वर्षं झाली तरी बायकोच्या बाजूने बोलतो म्हणजे स्थळ मी चांगलंच जमवलं म्हणायचं.

डिपार्टमेंटमध्ये तुझं नाव अजून गाळणीच आहे. परवा एका पेपरात बाळांची बेरीज जुळेना, तेव्हा सर म्हणाले, "गाळणी गेली आणि चहात पत्ती यायला लागली." सगळे हसले. तुझ्या खिडकीशेजारच्या टेबलावर आता प्रिंटर आहे. तिथे बसायला कुणी तयार होत नाही, ऊन येतं म्हणतात. तू बरी बसायचीस.

पिल्लू चालायला लागली म्हणे. लंबूने फोटो पाठवला होता. नाक आमच्याकडचं आहे, त्याबद्दल मी तुमच्या घराण्याची माफी मागते.

बरं, एक बारीकसं काम होतं. लंबूने विचारलंच, "पत्ता कशाला हवाय?" म्हणून त्याला समजावत होते की दिवस भरायच्या आधी जन्मलेली बाळं झोपेत श्वास घ्यायचंच विसरतात, त्यासाठी त्यांना औषध देतात, आणि ते औषध लवकर कमी करत आणून बंद कसं करायचं याचं वेळापत्रक तुझ्या बायकोने बसवलं, त्याबद्दल विचारायचंय. तो म्हणाला, "मला माहीत आहे, ताई. त्या वेळापत्रकात माझे तीन वर्षांचे रविवार गेलेत."

तर आपला तो पेपर वाचून एका लांबच्या गावच्या हॉस्पिटलमधून मला मेल आलाय. बाळांच्याच डॉक्टर आहेत, तिथे एकट्याच. त्यांनी विचारलंय की हे वेळापत्रक एक किलोच्या आतल्या बाळांना चालेल का, कारण पेपरात कमीत कमी वजन कुठेच दिलेलं नाही. तुझ्या ड्राफ्टमध्ये याबद्दल काही होतं का? मला तरी आठवत नाही. दोन ओळी टाकल्यास तर बरं होईल. घाई नाही.

तुझी,
ताई


१५ जुलै

प्रिय गाळणी,

तुझी दीड ओळ मिळाली. "मी लिहिलं होतं असं वाटतं. शोधून सांगते." नमस्कार नाही, खाली नाव नाही, पण उत्तर आलं. मला तेवढंही पुरलं.

एक विचारू? "असं वाटतं" म्हणजे नक्की काय? रागावून विचारत नाहीये. ड्राफ्ट पुरा केलास तेव्हा तुला आठवा महिना चालू होता, पाय सुजून चप्पल चढत नव्हती, आणि तरी तू वॉर्डातल्या काचेच्या पेट्यांपाशी उभी राहून आकडे टिपायचीस. अशा दिवसांत एखादं वाक्य डोक्यात राहतं, कागदावर उतरत नाही. माणूस आहे, व्हायचंच. तुझं इथलं मेलचं खातं बंद झालंय, आणि तुझ्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून तो नव्या मुलीला दिला. माझ्याकडेही शोधलं, सापडलं नाही.

हे लिहिताना मागचं सगळं आठवतंच. तू अजून "नंबर" म्हटलं की तोंड फिरवत असशील. पण मी तरी काय करायला हवं होतं? पहिल्या नावाचा नंबर ही काही मी काढलेली टूम नव्हती. मी नोकरीला लागले तेव्हापासून चहाच्या खोलीतल्या फळ्याच्या कोपऱ्यात तो क्रम लिहिलेला असायचा. पेपर कुणीही लिहो, ज्याचा नंबर त्याचं नाव पहिलं, आणि सरांचं नेहमी शेवटी. सर म्हणायचे, "घर एक आहे, ताटं फिरती आहेत." त्यामुळे कुणाची बढती अडली नाही, आणि तू येईपर्यंत भांडणही कधी झालं नाही.

तुझा पेपर तयार झाला आणि नंबर निघाला माझा. तुला मी म्हटलं, पुढचा तुझा. तू म्हणालीस, "ताई, पुढचा पेपर मी केलेला नसेल. मग त्यावर मी काय म्हणून नाव लावू?" सगळ्यांसमोर म्हणालीस. मला तेव्हा ते फार लागलं. मला वाटलं, हिला हाताला धरून मी या डिपार्टमेंटमध्ये आणलं, घरात आणलं, आणि ही मला चारचौघांत चोर ठरवतेय. मग तू लेखकांच्या संमतीच्या कागदावर सही करायला नकार दिलास. सहीशिवाय जर्नल नाव छापत नाही, म्हणून सरांनी तुझं नाव आभारांत टाकलं, आणि मी गप्प बसले. तू बाळंतपणाच्या रजेवर गेलीस ती परत आलीच नाहीस.

असो. त्या डॉक्टरबाईंना मी "चौकशी करून कळवते" असं लिहिलंय. तू शांतपणे शोध.

ताई

ता.क. सर निवृत्त होताहेत. त्यांच्या जागेसाठी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलाखत आहे. मी आणि बाहेरचे दोघे. तुला सांगायचं काही कारण नाही, पण घरात अजून सांगायचं कुणाला?


२४ जुलै

प्रिय गाळणी,

काल लंबूचा फोन आला. आवाज चढवून बोलला, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, "तू तिला काय लिहिलंयस? घरातली सगळी कपाटं उपसून बसलीये. जुने पेनड्राइव्ह, वॉर्डातले कागद, सगळं जमिनीवर. पिल्लू त्यावरून दुडदुडतेय. जेवायला बोलावलं तर म्हणते, मी ते वाक्य लिहिलंच नसेल तर?"

अगं, इतकं मनाला लावून घेऊ नकोस. एका वाक्याने काही आभाळ कोसळत नाही. दोन तज्ज्ञांनी तो पेपर तपासला, त्यांच्याही लक्षात आलं नाही. मी स्वतः शेवटचा हात फिरवला, माझ्याही नजरेतून सुटलं. तेव्हा तू एकटीच का डोक्यावर घेतेस? जर्नलला दुरुस्तीची चार ओळींची चिठ्ठी पाठवली की झालं. "लेखात अनवधानाने राहून गेलेली बाब" एवढंच लिहायचं. कुणाच्या हातून राहिली ते सांगावं लागत नाही. मुलाखत उरकली की मी पाठवते.

त्या बाईंचा मूळ मेल तू मागितलास म्हणून सोबत जोडलाय. पण तू त्यात पडायची गरज नाही.

जेवत जा. हे डॉक्टर म्हणून नाही, नणंद म्हणून सांगतेय.

ताई


३ ऑगस्ट

प्रिय गाळणी,

तू त्यांना परस्पर लिहिलंस. जर्नललाही लिहिलंस. प्रती दोन्हीकडून माझ्याकडे आल्या. तुझे शब्द असे आहेत: "हे वेळापत्रक एक किलोखालच्या बाळांना वापरू नका, वापरत असाल तर आजच थांबवा. आमच्याकडे अशी बाळं मोजकीच होती आणि त्यातल्या दोघांचा श्वास पुन्हा अडखळला होता. ही सूचना मसुद्यात लिहायची माझ्याकडून राहिली. चूक माझी आहे."

मी ते सरांना दाखवलं. चष्मा वर करून वाचलं आणि म्हणाले, "सुटलो. ज्याने केलं त्यानेच कबूल केलं. आता तुम्ही निवांत मुलाखत द्या." मला खरंच सुटल्यासारखं वाटलं. पोटभर जेवले. हे तुला सांगायला नको होतं, पण लिहून झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरबाईंचा मेल. मला, तुला नाही. लिहितात, "या बाई कोण? लेखकांत यांचं नाव नाही. आभारांत आहे, पण तिथे टंकलेखकाचंही आहे. आमच्या वॉर्डात सध्या एक किलोच्या आतली चार बाळं याच वेळापत्रकावर आहेत. औषध पुन्हा वाढवायचं म्हणजे त्याचेही धोके. ज्यांचं नाव पहिलं आहे त्यांनी एकदा स्पष्ट सांगावं, म्हणजे मी तसं करेन."

मी लिहिलं की अंतर्गत पडताळणी चालू आहे, तोवर आपल्या विवेकानुसार निर्णय घ्यावा. पाच मिनिटांत लिहिलं. असल्या वाक्यांचा मला सराव आहे.

मुलाखत परवा आहे. "हो, ती म्हणते ते बरोबर" असं लिहून दिलं तर पहिला प्रश्न हाच येईल की ती कोण, आणि बरोबर ती का, तुम्ही का नाही. फक्त दोन दिवसांचा प्रश्न आहे. तिथे त्या स्वतः डॉक्टर आहेत, जाणत्या आहेत, आपल्या डोळ्यांसमोर बाळ ठेवून निर्णय घेतील. मी इतक्या लांबून काय सांगणार? तूही माझ्या जागी असतीस तर

नाही, तू नसतं केलंस. ते वाक्य अर्धंच राहू दे.

ताई


५ ऑगस्ट

गाळणी,

निवड झाली. समितीत एक वयस्क बाई होत्या, त्यांनी त्या पेपरबद्दल बरंच विचारलं. कल्पना कशी सुचली, बाळं कशी निवडली, रात्रपाळीच्या सिस्टरांनी आकडे नीट ठेवावेत म्हणून काय केलं. मी सगळी उत्तरं दिली. तू चहाच्या खोलीत बोलायचीस ते मी वर्षानुवर्षं ऐकलं होतं, ते तोंडपाठ निघालं. मॉनिटर वाजला की आधी बाळाकडे बघायचं आणि मग घड्याळाकडे, हे तुझं वाक्य मी माझं म्हणून सांगितलं तेव्हा त्या बाई मान डोलावत होत्या.

सरांनी मिठाई आणली होती. माझा तुकडा मी तुझ्या टेबलावर, प्रिंटरशेजारी ठेवून आले.

हे पत्र पाठवणार नाही. कुठे तरी लिहायचं म्हणून लिहिलं.


७ ऑगस्ट

प्रिय गाळणी,

आधी हे वाच, बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल. तू ते वाक्य लिहिलं होतंस. ड्राफ्टच्या शेवटच्या पानावर, दुसऱ्या परिच्छेदात आहे. प्रत सोबत जोडलीये. "हे वेळापत्रक एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांसाठी वापरू नये." ते मी खोडलं. नजरेतून सुटलं नव्हतं. लाल रेघ मी मारली.

जर्नलने शब्द कमी करायला सांगितले होते. सर म्हणाले, पेपर जरा ठाम वाटू दे, शंका-कुशंका काढा. तुझं काम मला आतून माहीत नव्हतं, त्यामुळे कुठलं वाक्य नुसतं नम्रतेपोटी आहे आणि कुठलं जिवाचं आहे, हे मला कळत नव्हतं. हे कमीपणा आणणारं वाटलं आणि मी काढलं. तुला विचारायला हवं होतं. पण आपण बोलत नव्हतो, आणि माझा ताठा असा की तिला कशाला विचारायचं, नाव तर माझं आहे. त्या संपूर्ण पेपरात मी स्वतः केलेली गोष्ट ही एवढीच.

त्या डॉक्टरबाईंचा पहिला मेल वाचला त्याच क्षणी मला ते वाक्य आठवलं होतं. ड्राफ्ट माझ्या मेलमध्ये होता, शोधायलाही लागला नाही. तरी मी तुला लिहिलं की मला आठवत नाही. तुझ्या सुजलेल्या पायांचा, आठव्या महिन्याचा दाखला दिला. मुद्दाम दिला. मला ठाऊक होतं की तू स्वतःवर शंका घेणारी आहेस, त्याच गुणामुळे तुझं नाव गाळणी पडलं, आणि मी नेमकं तेच वापरलं. श्रेय घ्यायच्या वेळी तुझ्या नावाला जागा नव्हती. खापर फोडायची वेळ आली तेव्हा मला पहिलं नाव तुझंच सुचलं.

काल सकाळी तिकडून मेल आला. त्या चारांतलं सर्वांत लहान बाळ, मुलगी, परवा दुपारी श्वास घ्यायची थांबली. त्याच दुपारी मी समितीपुढे बसले होते. तिला मशीनवर ठेवावं लागलं. माझ्या उत्तराची वाट बघत त्यांनी औषध वाढवलं नव्हतं. तुझं म्हणणं त्यांना पटलं होतं, पण पेपरवर नाव नसलेल्या बाईच्या शब्दावर औषध बदललं आणि काही बिघडलं तर बाळाच्या आईवडिलांना काय सांगायचं, असं त्यांनी लिहिलंय.

मी लगेच फोन लावला. सांगितलं की हे काम जिचं आहे तिनेच तुम्हाला लिहिलंय, तिचा शब्द न् शब्द खरा आहे, सूचना तिने लिहिली होती आणि मी काढली. मग त्यांनी विचारलं, "मग तीन तारखेला मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं, माझी मुलाखत होती. असं तोंडाने म्हणून बघ एकदा, कसं वाटतं ते. त्यांना वॉर्डात हाक आली आणि फोन ठेवला.

मुलगी आज मशीनवरून निघाली. स्वतःहून श्वास घेतेय. पण त्या थांबलेल्या वेळात तिच्या डोक्याला काही इजा झाली का, हे ती बसायला, चालायला, बोलायला लागेपर्यंत कळणार नाही. तुला हे मी सांगायला नको. ती नीट चालली तरी मी काही केलं नाही असं होणार नाही. यातून सुटका नाही, आणि मी ती मागतही नाही.

जर्नलला पेपर मागे घ्यायला लिहिलंय, कारणासकट. नाव दुरुस्त करून पेपर ठेवता येईल का असं संपादकांनी विचारलं. ते तू ठरव. तुझ्या नावाने तो पुन्हा नीट छापायचा असेल तर छाप, माझं नाव आभारांतही नको. समितीला सगळं कळवलंय आणि ती जागा नको म्हणून लिहून दिलंय. सर केबिनमध्ये आले, दार लावलं, म्हणाले, "एका वाक्यासाठी?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "तुम्ही आमच्या सगळ्यांच्या नावांना कात्री लावताय." खरंच आहे. प्रत्येकाच्या यादीत दुसऱ्याचे पेपर आहेत. आज चहाला माझ्याशेजारी कुणी बसलं नाही. फळ्यावरचा तो क्रम मात्र कुणीतरी पुसून टाकलाय.

मग लंबूला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "हे मी तिला सांगणार नाही, ताई. तूच लिही. आणि गोड करून लिहू नकोस." मग म्हणाला, "तीन आठवडे ती पिल्लूला कडेवर घेऊन म्हणतेय, आईने कुणाच्या तरी बाळाचं नुकसान केलं." आणि त्याने फोन ठेवला. तो माझ्याशी पुन्हा कधी बोलेल मला माहीत नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तू चांगुलपणाने देऊन टाकशील, आणि मला परत बरं वाटायला लागेल.

एक काम मात्र कर. त्या डॉक्टरबाईंचा तुला फोन येईल, मी तुझा नंबर दिलाय. उरलेल्या तीन बाळांचं औषध परत कसं चढवायचं, हे त्यांना विचारायचंय. मला विचारलं होतं त्यांनी, आणि मला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं की ती सांगेल तसं करा, तिच्याहून जास्त यातलं आमच्याकडे कुणाला कळत नाही. अनोळखी नंबर दिसला तरी उचल.

ताई